टेबलटॉप भूमिकाखेळ संमेलनांतील सुरक्षितता

टेबलटॉप भूमिकाखेळ संमेलनांतील सुरक्षितता या संज्ञेत अशा संमेलनांना येणाऱ्या व्यक्तींचा सन्मान व सुरक्षितता जपण्यासाठी आणि नवागतांना सामावून घेण्यासाठी केलेल्या नियमांचा, साधनांचा व व्यवस्थांचा समावेश होतो. भूमिकाखेळात (रोलप्लेइंग गेम) खेळाडू काल्पनिक पात्रे धारण करून संवाद व फाशांच्या साहाय्याने सामूहिक कथा रचतात. कथेचे सूत्रसंचालन 'गेम मास्टर' करतो.

पार्श्वभूमी

गॅरी गायगॅक्स यांनी १९६८ मध्ये अमेरिकेतील लेक जिनिव्हा येथे 'जेन कॉन' हे संमेलन सुरू केले. १९७४ मध्ये गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रकाशित झाल्यावर भूमिकाखेळांचा प्रसार झाला. भारतात २०११ पासून कॉमिक कॉन इंडियाची संमेलने भरू लागली. मुंबईत 'मीपलकॉन' हे बोर्डगेमचे संमेलन भरते.

मित्रमंडळीत खेळताना कोणाला काय खटकते, याची परस्परांना जाण असते. संमेलनात मात्र अपरिचित व्यक्ती एकाच मेजाभोवती कित्येक तास बसतात. कथेतील हिंसा वा अत्याचाराचा प्रसंग एखाद्याच्या प्रत्यक्ष आयुष्यातील आघाताशी जुळू शकतो. शिवाय कथेची सूत्रे गेम मास्टरच्या हाती असल्याने नवख्या खेळाडूला आक्षेप नोंदवणे अवघड जाते. २०१९ मध्ये बर्मिंगहॅम येथील यूके गेम्स एक्स्पोमध्ये एका गेम मास्टरने खेळात लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आणला. आयोजकांनी त्याची उर्वरित सत्रे रद्द करून त्याला पुढील सहभागास मनाई केली.

खेळातील साधने

* रेषा व पडदे : रॉन एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये मांडलेली पद्धत. जे विषय कथेत मुळीच येऊ नयेत ते 'रेषे'पलीकडचे मानले जातात. जे सूचित करावेत पण वर्णू नयेत ते 'पडद्या'आड राहतात.
* एक्स-कार्ड : जॉन स्टाव्ह्रोपोलस यांनी रूढ केलेले साधन. मेजावरील फुलीच्या पत्त्याला कोणीही स्पर्श केला, की तो प्रसंग वगळून खेळ पुढे नेला जातो. कारण सांगावे लागत नाही.
* पूर्वसूचना : सत्राच्या माहितीत वयोमर्यादा व संवेदनशील विषय आधीच नमूद केले जातात.

ही साधने खेळाडू व गेम मास्टर यांच्या सद्भावनेवर अवलंबून असतात. हेतुपुरस्सर छळ करणाऱ्याला ती रोखू शकत नाहीत. त्यासाठी आचारसंहिता व तिची अंमलबजावणी आवश्यक ठरते.

आचारसंहिता

परिणामकारक आचारसंहितेत निषिद्ध वर्तन, तक्रार करण्याचे ठिकाण आणि संभाव्य कारवाई यांचा स्पष्ट उल्लेख असतो. तक्रार स्वीकारणारे स्वयंसेवक सहज ओळखू यावेत, तसेच आयोजकांपैकी कोणाविरुद्ध तक्रार असल्यास तिचा निर्णय त्या व्यक्तीकडे राहू नये, अशी व्यवस्था केली जाते. वेशभूषा करून येणाऱ्यांना स्पर्श करण्यापूर्वी वा त्यांचे छायाचित्र घेण्यापूर्वी अनुमती घेण्याचा नियमही अनेक संमेलनांत असतो. चाकाच्या खुर्चीसाठी मोकळी वाट, शांत कक्ष व मराठीतून चालणारी सत्रे यांमुळे सहभाग अधिक व्यापक होऊ शकतो.

महाराष्ट्रातील कायदेशीर चौकट

विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारे कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा २०१३ मध्ये संमत झाला. त्यात 'कर्मचारी' या संज्ञेत स्वयंसेवकांचा समावेश आहे. पीडित महिला तेथे नोकरीस असलीच पाहिजे, अशी अट नाही. दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यामुळे जेथे अंतर्गत समिती नाही, तेथील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तालुका पातळीवरील नोडल अधिकाऱ्याने आलेली तक्रार सात दिवसांत त्या समितीकडे पाठवावयाची असते. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या लहान मंडळाने संमेलन भरवले, तरी अशा तक्रारीसाठी कायदेशीर मार्ग उपलब्ध असतो. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करणे अपेक्षित आहे. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते.

१८ वर्षांखालील खेळाडूंच्या बाबतीत २०१२ चा बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा (पोक्सो) लागू होतो. अशा गुन्ह्याची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; आयोजकांना ते प्रकरण आपापसांत मिटवता येत नाही. भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळ (कलम ७५) व पाठलाग (कलम ७८) हे गुन्हे आहेत. आपत्कालीन मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ व बालकांसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

२०१३ च्या कायद्यानुसार केवळ महिलेलाच तक्रार करता येते. पुरुषांचा छळ, जातिवाचक टोमणे वा भाषेवरून केलेली हेटाळणी त्याच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे संमेलनाची स्वतःची आचारसंहिता या कायद्यापेक्षा व्यापक असणे आवश्यक ठरते.