उभ्या गाडीची बॅटरी : मोसे खोरे, चिंचवड आणि शिसे-आम्लाचा इतिहास

महाराष्ट्रातील जुनी थंड हवेची ठिकाणे मोटारीच्या आधी जन्मली. महाबळेश्वर घोडे आणि पालख्यांच्या काळात वसले, माथेरानला १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे पोहोचली आणि तेथे मोटारींना आजही मज्जाव आहे. मुळशी तालुक्यातील मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी उभे राहिलेले लवासा मात्र संपूर्णपणे मोटारयुगाचे अपत्य आहे. तेथे रेल्वे नाही, आणि पिरंगुट सोडून टेमघरच्या बाजूने घाट चढून येणाऱ्या रस्त्यावाचून तेथे माणूसही पोहोचत नाही व सिमेंटची गोणीही पोहोचत नाही. अशा नगरात मोटार सुरू होणे ही सोय नसून गरज असते, आणि मोटार सुरू होणे ज्या एका पेटीवर अवलंबून असते त्या बॅटरीचा इतिहास, योगायोगाने, याच पुणे जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासात गुंतलेला आहे.

लवासाचा प्रकल्प हाती घेणारी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये स्थापन केली होती व बोरघाटातील रेल्वेचे बोगदे हे तिच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते. त्याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढून मुंबईत कुर्ल्याला मोटारींचा कारखाना उभारला, ज्याची फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी ही गाडी मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांनी पाहिली, आणि जिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून २०२३ मध्ये उतरली. ज्या घराण्याने राज्यात मोटार बनवली त्याच घराण्यातील अजित गुलाबचंद यांच्या काळात निव्वळ मोटारीवर विसंबलेले नगर उभे राहावे, याला इतिहासाची संगती म्हणावे की विसंगती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मोटारीत वापरली जाणारी शिसे-आम्ल बॅटरी मोटारीपेक्षा जुनी आहे. शिशाच्या दोन पत्र्यांमध्ये विरल गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, ठेवून त्यात वीज भरता येते आणि ती परत काढून घेता येते, हे गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये दाखवले. कामीय फोर याने १८८१ मध्ये पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लगदा थापण्याची युक्ती काढल्यावर तीच वस्तू कारखान्यात बनवण्याजोगी झाली. मोटारीत तिचे खरे आगमन १९१२ मध्ये झाले, कारण त्या वर्षी चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसवला गेला आणि पुढे हँडल मारून इंजिन फिरवण्याची मेहनत, व त्यात मनगट मोडण्याची भीती, हळूहळू संपली. भारतात ती संपायला बराच काळ लागला. फियाट आणि ॲम्बेसेडर गाड्यांना पुष्कळ वर्षे हँडलसाठी भोक ठेवलेले असे, आणि ते शोभेसाठी नव्हते.

या बॅटऱ्या आधी परदेशातून येत. ब्रिटनमधील क्लोराइड कंपनीने १९१६ पासून भारतात आयातीचा व्यापार सुरू केला, स्वातंत्र्याच्या सुमारास कोलकात्याजवळ शामनगर येथे तिचा कारखाना निघाला, आणि १९४७ च्या जानेवारीत असोसिएटेड बॅटरी मेकर्स (ईस्टर्न) या नावाने नोंदलेल्या या कंपनीने आपला दुसरा कारखाना १९६९ मध्ये पुण्याजवळ चिंचवडला काढला. स्थळाची निवड सहज समजण्यासारखी होती : १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले होते, आकुर्डीला बजाजच्या स्कूटर आणि रिक्षा तयार होत होत्या, टेल्कोही पिंपरीला येऊन स्थिरावत होती, आणि बॅटरी ही शिसे भरलेली जड वस्तू असल्याने गिऱ्हाइकाच्या दाराशी बनवणे स्वस्त पडते. पुढे हीच कंपनी १९७२ मध्ये क्लोराइड इंडिया आणि १९९५ मध्ये एक्साइड इंडस्ट्रीज झाली. १९९८ मध्ये तिने स्टँडर्ड बॅटरीज या जुन्या प्रतिस्पर्धी कंपनीचे तळोजा व कांजूरमार्ग येथील कारखाने घेतले आणि त्याच सुमारास अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, एक कारखानाही तिच्याकडे आला. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी ज्या पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, त्या मार्गाच्या दोन्ही टोकांना पन्नास वर्षांनी एकाच कंपनीच्या बॅटऱ्या तयार होऊ लागल्या.

कारखान्यांच्या या वंशावळीपेक्षा रस्त्याकडेच्या बॅटरीवाल्याचा इतिहास अधिक रोचक आहे, मात्र तो कागदोपत्री फारसा नोंदला गेलेला नाही. जुनी बॅटरी एबोनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या, काळ्या पेटीत असे. तिच्या प्रत्येक कप्प्याचे, अर्थात सेलचे, तोंड डांबरासारख्या काळ्या लुकणाने बंद केलेले असे आणि एका सेलला दुसऱ्याशी जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वरून उघड्या दिसत. त्यामुळे कोणता सेल मेला आहे हे वेगवेगळे तपासता येई, लुकण तापवून तो सेल उघडता येई, प्लेटांचा जुडगा उपसून नवा बसवता येई आणि पट्टी पुन्हा शिसे वितळवून जोडता येई. डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या, चार्जिंगच्या फळीवर ओळीने मांडलेल्या बॅटऱ्या आणि काचेच्या नळीत तरंगणारा हायड्रोमीटर ही त्या दुकानाची ओळख होती. हायड्रोमीटर आम्लाची घनता दाखवतो : पूर्ण भरलेल्या बॅटरीत ती पाण्याच्या सुमारे १.२८ पट असते आणि बॅटरी उतरत जाते तसतशी कमी होते, कारण आम्लातील सल्फेट प्लेटांवर जाऊन बसते व मागे पाणी अधिक उरते. या कारागिराला रसायनशास्त्राची पुस्तके ठाऊक नसतील, पण 'ग्रॅव्हिटी' बघून कोणती बॅटरी वाचेल आणि कोणती भंगारात जाईल हे तो बहुधा अचूक सांगे.

टर्मिनलचे क्षरण, म्हणजे बॅटरीच्या वरच्या दोन खुंट्यांवर आणि त्यांना पकडणाऱ्या क्लॅम्पवर साचणारा पांढरा किंवा निळसर-हिरवा थर, हा त्या काळापासून आजपर्यंत टिकून राहिलेला दोष आहे. बॅटरी चार्ज होताना, विशेषतः प्रमाणाबाहेर चार्ज होताना, पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू निघतात व ते झाकणांच्या छिद्रांतून बाहेर पडताना आम्लाचे सूक्ष्म तुषार सोबत नेतात. शिवाय खुंटी जेथे पेटीच्या झाकणातून वर येते तो सांधा जुना झाला की आम्ल त्यातून हळूहळू वर झिरपते. हे आम्ल शिशाला लागले की पांढरे लेड सल्फेट होते आणि तारेतल्या तांब्याला किंवा पितळेच्या क्लॅम्पला लागले की मोरचूद तयार होतो, ज्याचा निळा रंग शेतकऱ्याला बोर्डो मिश्रणामुळे चांगला परिचयाचा आहे.

हा थर विजेला अडवतो. स्टार्टर इंजिन फिरवताना शे-दीडशे अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो, आणि दीडशे अँपिअरच्या वाटेत एका ओहमच्या शंभराव्या भागाएवढा जरी अडथळा आला तरी तेथेच दीड व्होल्ट खर्ची पडतात. बारा व्होल्टच्या व्यवस्थेत एवढे नुकसान स्टार्टरचा नुसता 'टक्' असा आवाज येण्यास पुरेसे ठरू शकते. उलट बाजूनेही हाच अडथळा काम करतो, कारण अल्टरनेटरने, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राने, पाठवलेली वीज बॅटरीत पुरती शिरत नाही आणि बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहते. त्यामुळे धडधाकट बॅटऱ्याही निकामी ठरवून बदलल्या गेल्या, आणि नवी बॅटरी बसवताना क्लॅम्प घासला गेल्यामुळे गाडी सुरू झाली तरी श्रेय नव्या बॅटरीला मिळाले.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो जुन्या मेकॅनिकांनी फारसा बदलू दिला नाही. आधी ऋण, म्हणजे वजा चिन्हाची, तार सोडतात, कारण ती गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते आणि अधिक चिन्हाची तार आधी सोडताना पाना पत्र्याला लागला तर ठिणगी उडते. जोडताना क्रम उलटा, ऋण तार शेवटी. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून थरावर टाकला की फेस येतो, फेस थांबला की आम्ल शमले असे समजावे, मात्र हे पाणी झाकणाच्या छिद्रातून आत जाता कामा नये. मग खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासून, साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून क्लॅम्प घट्ट आवळायचा आणि त्यानंतर वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायचा. पुष्कळ जण व्हॅसलीन आधी लावतात आणि मग आवळतात. त्यात फार मोठी हानी नसली तरी धातूला धातू भिडणे महत्त्वाचे असल्याने पहिला क्रम अधिक योग्य आहे. थर वारंवार येत असेल तर मात्र दोष टर्मिनलचा नसून जास्त चार्जिंगचा किंवा फुटलेल्या सांध्याचा असतो, आणि तेथे कितीही व्हॅसलीन चोपडले तरी उपयोग नाही.

कारखान्यांनी या त्रासावर दुसऱ्या टोकाने मात केली. प्लेटांची जाळी निव्वळ शिशाची केली तर मऊ पडते, म्हणून तिच्यात पूर्वी बराच अँटिमनी मिसळत. पण हा अँटिमनी आम्लातून ऋण प्लेटेवर जाऊन बसला की वायू लवकर सुटू लागतो, पाणी आटते आणि तुषार वाढतात. शेकड्यात एक दशांशाच्या आसपास कॅल्शियम घातले तरी जाळीला पुरेसा कणखरपणा येतो आणि वायूही कमी निघतो, हे तंत्र आधी टेलिफोन केंद्रांच्या बॅटऱ्यांत वापरले गेले व १९७० नंतर मोटारींत आले. भारतात २००० मध्ये आंध्र प्रदेशातील अमर राजा कंपनीने अमेरिकेतील जॉन्सन कंट्रोल्सच्या भागीदारीत ॲमरॉन बाजारात आणल्यावर पाणी न घालता चालणारी बॅटरी घरोघरी माहीत झाली, जुन्या कंपन्यांनाही त्या वाटेने जावे लागले, आणि बॅटरीवाल्याच्या दुकानातील डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्यांचा खप कमी झाला. पेटी पॉलिप्रॉपिलीनची व चिकटवून बंद केलेली असल्याने सेल उघडून प्लेटा बदलण्याचा धंदाही संपला. दुरुस्तीची जागा वॉरंटीने घेतली.

कॅल्शियमच्या बॅटरीतही एक उणीव आहे व ती लवासासारख्या ठिकाणी उघडी पडते. ती एकदा पूर्ण उतरली आणि तशीच राहिली तर अँटिमनीच्या जुन्या बॅटरीपेक्षा तिला पुन्हा सावरणे जड जाते. लवासात बॅटऱ्या अशा का उतरतात, याचे कारण त्या नगराच्या वाटचालीत आहे. राज्य सरकारने २००१ मध्ये तेथील अठरा गावांचे क्षेत्र गिरिस्थान म्हणून अधिसूचित केले. पुढे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये काम थांबवण्याचा आदेश दिला, वर्षभराने सशर्त मंजुरी मिळाली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, त्यामुळे कायमच्या वस्तीचे मोठे नगर होण्याऐवजी लवासा बव्हंशी शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचे आणि दुसऱ्या घरांचे ठिकाण राहिले. अशा घरी ठेवलेली गाडी आठवडेच्या आठवडे उभी असते. आधुनिक गाडीतील कुलूप, घड्याळ आणि संगणक मिळून बंद अवस्थेतही पन्नास मिलिअँपिअर ओढत असतील तर दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे ४५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात ३६ अँपिअर-तासांनी रिकामी होते. शिवाय पश्चिम मुळशीत पुणे शहराच्या कित्येक पट पाऊस पडतो, आणि बॅटरीवरच्या ओल्या धुळीतून दोन्ही टर्मिनलांमध्ये वीज झिरपण्याची वाट तयार होते. घाट चढणारी गाडी बॅटरीला मारते असा समज आहे. वस्तुतः घाटातल्या तासाभराच्या प्रवासात अल्टरनेटर तिला बऱ्यापैकी भरतो आणि खरी झीज आवारात उभ्या असलेल्या दिवसांत होते.

म्हणून येथे टिकाऊ बॅटरी निवडताना जाहिरातीतील महिन्यांपेक्षा तीन गोष्टी अधिक वजनदार ठरतात. पहिली, घडणीची तारीख : दुकानात अनेक महिने पडून राहिलेली नवी बॅटरीही अंशतः खर्चलेली असते, आणि मीटरवर १२.६ व्होल्टच्या जवळपास दिसले नाही तर ती नाकारावी. दुसरी, गाडीच्या पुस्तिकेतील माप व टर्मिनलांची बाजू, कारण तार ओढून बसवलेला क्लॅम्प पुढे सैल होऊन तापतो. तिसरी, वॉरंटीचे विभाजन, म्हणजे किती महिने बॅटरी बदलून मिळेल आणि किती महिने केवळ घसाऱ्याच्या हिशेबाने सवलत मिळेल. इंजिन सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना त्यासाठी बनवलेलीच बॅटरी लागते, साधी चालत नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर ऋण तार सोडून ठेवणे हे कोणत्याही महाग बॅटरीहून स्वस्त आणि परिणामकारक आहे.

जुन्या बॅटरीचे काय करायचे याचे उत्तर कायद्याने दिले आहे. २००१ च्या नियमांनी उत्पादकावर आणि विक्रेत्यावर जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी टाकली, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकाची जबाबदारी अधिक व्यापक केली. उघड्यावर भट्टी लावून शिसे वितळवणाऱ्यांकडे गेलेल्या बॅटरीचे आम्ल ओढ्यात उतरते आणि शिशाची वाफ आसपासच्या मुलांच्या रक्तात जाते. मोसे खोऱ्यातील पाणी खडकवासल्याच्या वाटेने पुण्याच्या नळाला येते, हे लक्षात घेता लवासाच्या रहिवाशाने आपली जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हाती न देता नवी घेताना विक्रेत्याकडेच जमा करावी व बिलावर तिची वजावट मागून घ्यावी.