॥ध्रु.॥

तुकोबांच्या छापील गाथेतला चार कडव्यांचा कोणताही मोठा अभंग घ्या. प्रत्येक कडव्यात चार चरण: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे. पण छापताना दंड पडतो बाराव्या अक्षरानंतर. त्यामुळे यमकाचा पहिला उच्चार ओळीच्या टोकाला येतो आणि त्याचे उत्तर पुढच्या ओळीच्या मध्यावर. ओळीअखेर यमक शोधणाऱ्या डोळ्याला ते दिसतच नाही. कानाला बरोबर ऐकू येते. मागून येणारी चार अक्षरे यमकाविना असतात, आणि वाक्य बहुधा तिथेच पाय टेकते.

माधव जूलियन यांनी ‘छंदोरचने’त अशा रचनेला ऱ्हस्व-दीर्घाच्या हिशेबाबाहेर ठेवले. मोजायची ती फक्त अक्षरे. बोलताना ‘विठ्ठल’मधला ल निम्मा गिळला जातो, अभंगात तो पुरता मोजला जातो. ‘तुका म्हणे’ची चार गेली की सहाच्या चरणात कवीला दोनच अक्षरे उरतात!

खरा प्रश्न पुनरुक्तीचा आहे. भजनात ध्रुपद प्रत्येक कडव्यानंतर परतते. चार कडव्यांत निदान तीनदा. शब्द तेच, पण मधे एक कडवे ऐकून झालेले असते, म्हणून दुसऱ्यांदा तेच विधान तक्रारीसारखे वाटू शकते, तिसऱ्यांदा कबुलीसारखे. १८६९ आणि १८७३ साली मुंबईत इंदुप्रकाश छापखान्याची गाथा दोन खंडांत निघाली. असल्या पानावर ध्रुपद एकदाच येते, बहुधा दुसऱ्या कडव्याच्या जागी, आणि परतण्याची आठवण म्हणून ‘ध्रु.’ एवढीच खूण. फ्रेझर आणि मराठे यांच्या इंग्रजी गद्यानुवादात (१९०९–१५) ते इतरांसारखेच एक वाक्य होऊन बसले. अर्थ पोचला, परतणे राहिले.

पंजाबी वाचकाला हे नवीन वाटणार नाही. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची साठेक पदे आहेत, आणि तिथे ध्रुपदावर ‘रहाउ’ लिहिलेले असते. पदाचा मध्यवर्ती विचार तिथे शोधावा, असा प्रघात आहे. आपण मात्र ‘ध्रु.’ला गवयाची सोय समजून पुढे जातो.

हिंदीत अनुवाद करताना मी ध्रुपद दर वेळी पूर्ण लिहिते, जागा गेली तरी. यमक मात्र बिनदिक्कत सोडते. शेवटच्या चार अक्षरांसाठी भांडते: तिथे ‘है’ला जागा नसते, मग ‘है’ जातो.