ताटाला ताट लावून

काशीत मराठी माणूस परका नाही. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या आपली घरं आहेत. नीलकंठशास्त्री गोरे अशाच एका घरात वाढले. कोकणस्थ घराणं, जन्म १८२५चा, झाशीकडचा. जॉन म्यूरच्या हिंदू मतावर टीका करणाऱ्या ‘मतपरीक्षे’ला त्यांनी ऐन तारुण्यात संस्कृतात खरमरीत उत्तर लिहिलं होतं. विल्यम स्मिथ या मिशनऱ्याकडे ते गेले तेही त्याला वादात गप्प करायला. वाद वर्षानुवर्षं चालला आणि १४ मार्च १८४८ रोजी शास्त्रीबुवांनीच बाप्तिस्मा घेतला. तोही काशीत नव्हे, जौनपूरला. नवं नाव नेहेम्या.

ही हकिकत मी आजोबांकडून ऐकली. पुण्याच्या पंचहौद मिशनच्या जुन्या मंडळींनी ती त्यांना सांगितलेली. आजोबांना त्यातला वाद प्यारा; न्याय, सांख्य, वेदान्त यांची नावं घेताना त्यांचा आवाज चढायचा. आजी भाकरी थापता थापता मध्येच म्हणायची, “अहो, ते वादाचं राहू द्या. बाप्तिस्म्याच्या रात्री शास्त्रीबुवांच्या ताटाला ताट लावून कोण बसलं, ते सांगा.”

आजोबांकडे याचं उत्तर नसे. आजीच्या विचारण्याला मात्र कारण होतं. तिची आई बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आली, तेव्हा उपासनेत तिला जागा मिळाली, प्रभुभोजनातही मिळाली. पण तिच्या हातचं पाणी जुन्या ख्रिस्ती घरांनी कितीतरी दिवस घेतलं नाही. जात वेशीबाहेर ठेवून यायची, असं सगळेच म्हणत. पण जात देवळात येऊन बसलेली असे. म्हणून आजीने स्वतःपुरती एक रीत घालून घेतली. मंडळीत कुणी नवं आलं, की त्यांना जेवायला बोलवायचं आणि पुढच्याच आठवड्यात आपण त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या हातचं, पोटभर जेवायचं. बोलावणं सोपं, जाऊन जेवणं अवघड, असं ती म्हणे. मला हे पटतं. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून पुण्यात केवढा गहजब झाला! लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यापर्यंत प्रायश्चित्ताचं प्रकरण गेलं. एका पेल्याला इतकं वजन होतं. मग घर, जात, गाव सोडून आलेल्याला नुसत्या हस्तांदोलनावर कसं ठेवायचं?

गोऱ्यांची पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आली आणि १८५३मध्ये मुलगी तान्ही असतानाच वारली. पुढच्या वर्षी महाराजा दुलीपसिंगांबरोबर गोरे इंग्लंडला गेले. मॅक्स म्युलर यांनी नंतर आठवण लिहिली आहे, की भेटले तेव्हा गोरे पार खचलेले होते. लंडनमध्ये पाहिलं तेच ख्रिस्तीपण असेल, तर आपण परत जावं हे बरं, असं त्यांना वाटत होतं. ज्यासाठी सगळं सोडलं, त्याच्या माहेरी जाऊन हे वाटावं! मला त्यांच्या पांडित्यापेक्षा ही व्यथा जवळची वाटते. तरी ते टिकले. १८७०मध्ये धर्मगुरू झाले.

आईवेगळी मुलगी, एलन लक्ष्मी गोरे, इंग्रज कुटुंबांत वाढली, इंग्लंडला गेली, तिथे स्तोत्रं लिहू लागली. त्या घरांनी तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. हे ऋण मी कमी लेखत नाही. १८८०मध्ये ती हिंदुस्थानात परतली आणि अलाहाबादच्या अनाथाश्रमातल्या मुलींमध्ये राबली. ती गेली १९३७मध्ये.

पंडिता रमाबाईंच्या शंकांना धीराने उत्तरं देणारेही हेच फादर गोरे. रमाबाईंनी १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि गोऱ्यांच्या लिखाणाचा आपल्यावर झालेला परिणाम उघड मान्य केला. शास्त्र शिकलेलं, मराठी बोलणारं, जातीतून उठलेलं माणूस कुठे अडखळतं, हे गोऱ्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मंडळीत नव्याने आलेल्याशी बोलायला आम्ही आजही शक्यतो असंच माणूस पाठवतो; आदल्या वर्षी आलेलं.