नळदुर्गच्या वाटेवरचे हत्यार

दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल कमरेला खोवून हिंडणारी मुले आमच्या अणदुरातही पुष्कळ. परंतु गेल्या वर्षी ऐन वसुबारसेच्या संध्याकाळी एक पन्नाशीचे गृहस्थ मजकडे आले आणि दार लोटून घेऊन म्हणाले, "गुरुजी, एक अर्ज लिहून द्या. पिस्तुलाचा."

अर्ज लिहिणे हा माझा बिनपगारी धंदाच आहे. आमच्या गावाला कागदाचे प्रेमही दांडगे. आमचा खंडोबा वर्षातले सुमारे दहा महिने अणदुरात आणि उरलेले नळदुर्गात राहतो, आणि त्याच्या जाण्यायेण्याचासुद्धा दोन्ही गावांत लेखी करार होतो! पण पिस्तुलाचा अर्ज मी कधी लिहिला नव्हता.

ह्या गृहस्थांना आपण आप्पा म्हणू. स्वतःचा टेम्पो आहे. गावातल्या वीसएक शेतकऱ्यांचा कांदा भरून ते सोलापूरच्या बाजारात नेतात आणि पट्टीचे पैसे घेऊन रात्री परततात. पैसा स्वतःचा नव्हे, वीस घरांचा. आठ दिवसांपूर्वी नळदुर्गच्या अलीकडे दोन मोटारसायकली त्यांच्या गाडीला आडव्या आल्या होत्या. आप्पांनी गाडी थांबवली नाही, म्हणून निभावले. "सीटखाली एक असू द्यावं म्हणतो," आप्पा म्हणाले. "कुणाला दिसायचं नाही, पण आपल्याला ठाऊक."

मी म्हटले, दोन दिवस थांबा. जे ठाऊक नाही ते लिहू नये, एवढी शिस्त मास्तरकीने लावली आहे. मग कायदा वाचायला बसलो, आणि कायद्यावरून ह्या रस्त्याच्या इतिहासात शिरलो.

सोलापूर-हैदराबाद हा रस्ता जुना. त्यावरची भीतीही जुनी. ठगांवर कादंबरी लिहून १८३९ साली विलायतेत गाजलेला मेडोज टेलर हा साहेब पुढे १८५३ ते १८५७ ह्या काळात आमच्या नळदुर्गाचाच कारभार पाहत होता. निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला तेव्हाची ही गोष्ट. लुटारूंच्या भयाने प्रवासी सोबत शोधीत, आणि सोबत म्हणून ठगच भेटत! त्यांचे हत्यार म्हणजे साधा रुमाल. रुमाल बाळगायला परवाना कोण मागणार?

१८६० साली नळदुर्ग पुन्हा निजामाकडे गेले. सोलापूर मात्र इंग्रजांचे. अणदूरचा माणूस गाडी जुंपून सोलापूरला निघाला, की वाटेत करोडगिरीचा नाका लागे आणि पलीकडे दुसरे राज्य, दुसरा कायदा. त्या दुसऱ्या राज्यात लॉर्ड लिटनने १८७८ साली दोन कायदे केले. एकाने देशी वर्तमानपत्रांचे तोंड बांधले, दुसऱ्याने देशी माणसाचे हात. पहिला रिपनच्या काळात रद्द झाला. दुसरा चौऱ्याऐंशी वर्षे टिकला. परवान्याशिवाय सशस्त्र हिंडणे हाच त्यात गुन्हा होता. गोऱ्या माणसाला मात्र परवाना लागत नसे. हा वर्णभेद पहिले महायुद्ध संपल्यानंतर नियमांतून गेला. मनाई असलेल्यांनी पिस्तुले लपवून आणली नाहीत असे नव्हे. लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरतळात दडून आली, आणि त्यांतल्याच एकाने १९०९ च्या डिसेंबरात नाशकात जॅक्सनचा वेध घेतला. १९३१ साली कराचीच्या काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांना धरून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. आज हे फारसे कुणाला आठवत नाही.

आमच्या भागाला मात्र शस्त्राचा धडा निराळ्याच रीतीने मिळाला. १९४७-४८ साली रझाकारांच्या हाती बंदुका होत्या आणि त्यांना परवाना विचारणारे कुणी नव्हते. माझी आजी सांगे, त्या दिवसांत अंधार पडला की चूल विझवीत, धूर दिसू नये म्हणून. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे हिंदी फौज सोलापूरकडून निघाली, त्याच दिवशी तिने नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीवरचा पूल घेतला, आणि आमच्या दारावरून ती पुढे गेली. सतरा तारखेला निजामाने हार पत्करली. इथवरचे आम्ही शाळेत दरवर्षी सांगतो. पुढचे सांगत नाही. त्यानंतरच्या दिवसांत शस्त्रे दुसऱ्या हातांत गेली आणि निरपराध मुसलमान घरे उद्ध्वस्त झाली. पंडित सुंदरलाल ह्यांच्या समितीने सर्वांत अधिक हानी झालेले जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत आमचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, आहे. हा भागही आजीच सांगे. पण आवाज उतरवून, आणि पोरे झोपली आहेत असे समजून.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून. पिस्तुलासाठी अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे करायचा. पोलिसांची चौकशी होते, हत्यार सुरक्षित हाताळण्याचे शिक्षण घ्यावे लागते, आणि जिवाला धोका का, ते पटवावे लागते. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात २००७ पासून साध्या माणसालाही आपल्या मोटारीत, बाहेरून दिसणार नाही असे पिस्तूल बिनपरवाना ठेवता येते. आपल्याकडे परवाना मिळाल्यावरही सीट उचलली आणि ठेवले, असे चालत नाही. २०१६ चे नियम सांगतात की सार्वजनिक ठिकाणी नेताना पिस्तूल अंगाशी बांधलेल्या म्यानात हवे, पूर्ण झाकलेले हवे आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवे. दाखवीत मिरवायचे नाही. म्हणजे लपवणे हा इथे गुन्हा नसून नियमच आहे! पूर्वी एका परवान्यावर तीन शस्त्रे ठेवता येत. २०१९ पासून दोनच.

पाडव्याला आप्पा आले. मी सारे वाचून दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे कमरेलाच बांधायचं?"

"होय. आता मला सांगा, उजवा हात स्टेअरिंगला, डावा गियरला. मोटारसायकल आडवी आली तर काढणार कोणत्या हाताने?"

आप्पा हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "गुरुजी, तुमचं घर त्या पैशात नाही म्हणून तुम्हाला हे सुचतंय."

ते खरे होते, आणि मला लागले. शाळेच्या पुस्तकातून न्याय सांगणे सोपे; वीस घरांचा पैसा मांडीखाली घेऊन पन्नासएक किलोमीटर अंधारात येणे निराळे. मी फॉर्म पुढे ओढला आणि अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात त्या रात्रीची हकिकत आप्पांच्याच शब्दांत घातली. अधिक नाही, उणे नाही. शेवटी मी एकच विनंती केली: कागद धाराशिवला जाईल, त्याला दिवस लागतील; तोवर एकट्याने परतू नका.

अर्जाची चौकशी अजून चालू आहे. पोलीस गावात येऊन माझ्याकडेही आप्पांची चौकशी करून गेले. मी चांगलेच सांगितले. हल्ली बाजाराच्या रात्री अणदूर-जळकोटच्या चार गाड्या सोलापुरातून एकदमच सुटतात. आप्पांची गाडी मधे असते. माझ्या घरावरून जाताना ते हॉर्न वाजवतात. मंडळी म्हणते, पोरे जागी होतात. मी म्हणतो, वाजवू देत.