चमचा, नट आणि चाळणी

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. तुम्ही वाळूजच्या बजाजनगरात उतरता तेव्हा रात्रपाळी सुटलेली आहे. डबे सायकलींच्या हँडलला अडकवून माणसं परत येताहेत. प्लॉट आखलेत, घरं मात्र निम्म्यांवरच उभी. बजाजच्या वाळूज कारखान्यात उत्पादन सुरू होऊन दहा वर्षं होत आलीत आणि बीड, जालना, परभणीकडची पोरं एका खोलीत चौघं-पाचजण राहतात. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच गादीवर आडवा होतो. गादी गार पडत नाही.

आज मात्र कुणी झोपायला जात नाहीये. देवळापुढं रांग लागलीय. हातात लोटी, फुलपात्रं, एकाच्या हाती थर्मासचं झाकण. गणपती दूध पितोय! विसर्जन होऊन दोन आठवडे होत आले, पितृपक्ष चालू आहे, तरी गणपती दूध पितोय. पहाटेपासून बातमी दिल्लीहून फोनाफोनी होत देशभर पसरलीय. एसटीडी बूथवर गर्दी, आणि दूधवाल्याचे कॅन कधीचेच रिकामे.

तुम्हाला पुढचं सगळं ठाऊक आहे, म्हणून ओरडावंसं वाटेल. ओरडू नका. रांगेतला माणूस मूर्ख नाही. दिवसभर तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवतो. त्याला अडाणी म्हणणाऱ्या वक्त्याची सभा तिथंच संपते. अशा संपलेल्या सभा मी बऱ्याच पाहिल्यात.

संध्याकाळपर्यंत थांबा. रिकाम्या प्लॉटवर सतरंजी, शेजारच्या घरातून ओढलेली वायर, एक बल्ब. (ही सभा मी रचलेली आहे, दूध आणि पुढं येणारं ग्रहण मात्र खरं.) विषय विज्ञानाचा, पण पहिला प्रश्न नळाचाच येतो. वसाहत आखली एमआयडीसीनं, हद्द वडगाव कोल्हाटी ग्रामपंचायतीची. मग पाण्यासाठी भांडायचं कुणाशी? अर्धा तास त्यातच जातो. जाऊ द्या. नळावर बोलू दिलं, तर लोक दुधावरचं ऐकतात.

मग वक्ता खिशातून मोठा नट काढून ओला करतो. काठोकाठ भरलेला चमचा त्याला टेकवून किंचित कलता करतो. दूध ओढलं जातं, नटावरून पातळ पापुद्र्यासारखं खाली उतरतं. चमचा रिकामा! पृष्ठताण हा शब्द तो नंतर उच्चारतो, आणि तोवर मागून एकजण म्हणालेला असतो, "आमच्या मशीनवर कूलंट असंच पसरतं की!" पांढऱ्या संगमरवरावर पांढरा ओघळ दिसत नाही एवढंच. याच घटनेत सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून तो ओघळ दाखवला होता. इथं चिमूटभर कुंकू पुरतं.

तुम्ही उठायला लागता तेवढ्यात एक तरुण हात वर करतो. "सर, खोली भाड्यानं बघायला गेलो की आधी आडनाव विचारतात. हे विज्ञानानं कसं खोडायचं?"

बल्बभोवती किडे घुमताहेत. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं, त्याला पुरती दोन वर्षंही झालेली नाहीत. नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला होता जुलै १९७८ मध्येच. मधल्या सोळा वर्षांत या भागातल्या गावोगावच्या दलित वस्त्यांनी काय भोगलं ते सतरंजीवरच्या निम्म्या लोकांना घरूनच माहीत आहे. वक्ता चमचा पुसत राहतो. शेवटी म्हणतो, "यासाठी नट चालणार नाही." मला हा वक्ता आवडतो तो या उत्तरासाठी.

आता तेहतीस दिवस पुढं या. २४ ऑक्टोबरची सकाळ. काल लक्ष्मीपूजन झालं, अंगणात विझलेल्या पणत्या आहेत. नीम का थाना ते डायमंड हार्बर या पट्ट्यात सूर्य पूर्ण झाकला जाणार, इथं खंडग्रासच. दारं लावलेली आहेत. गरोदर बाईला चिरायला-कापायला मनाई, म्हणून विळी वर ठेवलेली. गल्लीत एकच बाई उभी आहे, हातात पिठाची चाळणी, सूर्याकडं पाठ. जमिनीवर चाळणीच्या भोकांतून शेकडो चंद्रकोरी उमटल्यात. आधी एक पोर येतं, मग एक दार किलकिलं होतं. मग विळी वर ठेवणारी सासूही उंबऱ्यापर्यंत येते. व्याख्यान कुणीच देत नाही.

आता आजकडं परत या. अंधश्रद्धांविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला, जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. दूध पिणाऱ्या मूर्तीची बातमी आता फोनवर येते आणि तिला उत्तरही फोनवरच मिळतं. आडनाव अजून खोली दाखवण्याआधी विचारतात. म्हणून सभा ठेवाल तेव्हा त्या तरुणाला आधी बोलू द्या, नट नंतर काढा.

आणि २ ऑगस्ट २०२७ ला, सोमवारी, दुपारनंतर इथं खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ढग नसले तर चाळणी घेऊन गल्लीत या.