एकच एजंट की चार?

परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चहा पिताना एका मित्राने प्रश्न टाकला. त्याला पुण्यातला फ्लॅट घाईने विकायचाय. एकाच ब्रोकरच्या गळ्यात घालावा की चार जणांच्या कानावर घालावा? टेबलावर लगेच दोन पार्ट्या पडल्या. एकालाच दिला तर तो मन लावून फिरतो. चौघांना दिला तर चढाओढ होते. पटण्यासारखं दोन्हीकडे होतं. मला मात्र एकदम गडचिरोलीतली एटापल्ली आठवली. कारण हाच प्रश्न तिथं कायद्याने सोडवून पाहिला गेलाय, आणि तिथला माल फ्लॅटपेक्षा कितीतरी घाईचा आहे: तेंदूपत्ता, म्हणजे बिडीचं पान.

आलापल्लीहून पुढे जंगलात शिरलं की ही झुडपं सगळीकडे. पान तोडायचं मे महिन्यात, जेमतेम दोन आठवडे. त्यानंतर ते जाड होतं, बिडीच्या कामाचं राहत नाही. पहाटे तोडायचं, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे गावच्या खरेदी केंद्रावर, मोजून द्यायचे. तिथं ते उन्हात वाळतं, मग गोणीत भरतात. मध्येच वळवाचा पाऊस आला तर संपलं! वर्षभरातली मोठी रोख रक्कम हातात येते ती याच दोन आठवड्यांत. भाव पटला नाही म्हणून सहा महिने थांबू, ही चैन इथं नाही.

आता इतिहास. मध्य प्रदेशने १९६४ मध्ये तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या ताब्यात घेतला. महाराष्ट्राने १९६९ मध्ये वनोपजाच्या व्यापारावर कायदा केला. जंगलाचे युनिट पाडायचे आणि प्रत्येक युनिटला सरकारने एजंट नेमायचा. कायद्यातला शब्द 'एजंट' हाच आहे बरं का. सरकार, सरकारी अधिकारी किंवा तो एजंट सोडून दुसऱ्या कुणी त्या युनिटमधलं पान विकत घेतलं तर गुन्हा. कारण अगदीच चुकीचं नव्हतं. सरकारी जंगलातलं पान चोरून खाजगी शेतातलं म्हणून खपवलं जायचं. पानावर काही शिक्का नसतो. खरेदीदार एकच ठेवला की चोरीचा माल विकायला जागाच उरत नाही.

पण हा एजंट कुणाचा? पान तोडणाऱ्या माडिया बाईचा नव्हे, सरकारचा. सरकारच्या हिशेबात ती मालक नव्हतीच, मजूर होती. तिला मिळायची ती पुड्यांची मजुरी. एजंट बदलावा, शेजारच्या युनिटमध्ये भाव विचारावा, यातलं तिच्या हातात काहीच नव्हतं. १९८० च्या सुमाराला आंध्रातून नक्षलवादी या भागात शिरले. त्यांनी सुरुवातीलाच हातात घेतलेल्या मुद्द्यांमध्ये तेंदूपत्त्याची मजुरी होती, यात आश्चर्य नाही. मजुरी वाढली हे खरं. पुढे ठेकेदारांकडून त्यांची खंडणीही सुरू झाली, हेही तितकंच खरं. म्हणजे भावात वाटा मागणारं आणखी एक तोंड वाढलं.

मालकीचा प्रश्न कागदावर सुटला तो १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने. कागदावर म्हणतोय, कारण धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला आपल्या बांबूच्या वाहतुकीचं पासबुक हातात पडायला एप्रिल २०११ उजाडला. तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले तेव्हा. मग २०१३ मध्ये गोंदिया आणि गडचिरोलीतल्या अठरा ग्रामसभांनी एकत्र येऊन तेंदूपत्ता स्वतः विकला. पुढे पेसा गावांना निवड मिळाली: वनविभागामार्फत विका, नाहीतर तुम्हीच विका.

स्वतः विकणं म्हणजे काय तर जाहिरात द्यायची, चार ठेकेदार बोलवायचे, बोली लावून घ्यायची आणि शेवटी हंगामापुरता एकालाच माल द्यायचा. मला यातली ही गंमत फार आवडली. आमच्या टेबलावरच्या दोन्ही पार्ट्या बरोबर होत्या, फक्त वेगवेगळ्या वेळेला! करार होईपर्यंत चार, झाल्यावर एक. कारण फळीवर रोज मोजणी करणारे चार मुन्शी बसले तर दोन आठवडे भांडणातच जातील.

अर्थात हे लिहायला सोपं आहे. आतल्या एकट्या गावाकडे चार ठेकेदार येतच नाहीत. आले तरी आपसात ठरवून येऊ शकतात. म्हणून तर कोरचीत तालुकाभरच्या ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा बांधली. आणि बाजार गावाच्या हातात नसतोच. २०१७ मध्ये भाव चांगलेच चढले. त्याच जुलैत तेंदूपत्त्यावर अठरा टक्के जीएसटी लागला, २०१८ मध्ये भाव आपटले. अशा वेळी सगळ्यात चढी बोली लावणारा आणि शेवटी पैसे देणारा, हे दोघं वेगळे निघू शकतात. गोण्या एकदा गोदामात गेल्या की गावाच्या हातात उरतो तो कागद. भावाआधी अनामत किती, हे मी तरी आधी विचारलं असतं.

मित्राला हे सगळं ऐकवलं नाही, चहा थंड झाला असता. एवढंच विचारलं, "तुझा ब्रोकर कमिशन कुणाकडून घेतो?"

"दोन्हीकडून," तो म्हणाला, आणि जरा गप्प झाला.