कुसात्सुचा संघ, गुन्माचा क्लब

जपानी व्यावसायिक फुटबॉलमधील अनेक क्लबांचा इतिहास कारखान्याच्या फाटकापाशी सुरू होतो. उरावा रेड्सचे मूळ मित्सुबिशीच्या कर्मचारी संघात आहे, गांबा ओसाकाचे मात्सुशिता या विद्युत उपकरणांच्या कंपनीत, आणि आज तोकुशिमा व्होर्टिस म्हणून ओळखला जाणारा क्लब ओत्सुका या औषधनिर्मात्या उद्योगाच्या संघातून घडला. गुन्मा प्रांतातील झास्पा हा क्लब याला ठळक अपवाद ठरतो, कारण त्याच्या पाठीशी एखादी मोठी कंपनी नव्हती, तर गरम पाण्याच्या झऱ्यांवर जगणारे एक डोंगरी गाव होते. दुबळ्यांनी बलाढ्यांना हरवल्याची कथा म्हणून या क्लबाची वाटचाल सांगितली जाते. परंतु ज्या व्यवस्थेने त्याला वर आणले, तिनेच त्याला त्याच्या गावापासून दूर नेले, हा त्या इतिहासाचा अधिक महत्त्वाचा भाग आहे.

तोक्योच्या वायव्येस, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर वसलेल्या कुसात्सुची कीर्ती तेथील ओनसेनमुळे, म्हणजे नैसर्गिक उष्णोदकाच्या स्नानस्थानांमुळे, शतकानुशतके टिकून आहे. तेथील पाणी तीव्र आम्लधर्मी असून त्वचारोगांवर गुणकारी मानले जाते. अठराव्या शतकात शोगुन तोकुगावा योशिमुने याने ते एदोपर्यंत, म्हणजे आजच्या तोक्योपर्यंत, वाहून आणवले होते, आणि मेइजी काळात एर्विन बेल्त्स या जर्मन वैद्याने त्याच्या औषधी गुणांचा पुरस्कार केला. झऱ्याचे पाणी अंगावर घेता येणार नाही इतके कढत असते आणि त्यात थंड पाणी मिसळले तर त्याचे सत्त्व उणावते, म्हणून लांब लाकडी फळ्यांनी ते घुसळून निववण्याची युमोमी नावाची पद्धत येथे रूढ झाली. या कामाच्या तालावर म्हटले जाणारे ‘कुसात्सु-बुशी’ हे लोकगीत पुढे झास्पाच्या पाठीराख्यांनी आपलेसे केले. जेमतेम सहा-सात हजार वस्तीच्या या गावाचा चरितार्थ रियोकानवर, म्हणजे पारंपरिक पद्धतीच्या अतिथिगृहांवर, आणि हॉटेलांवर चालतो.

अशा गावात व्यावसायिक फुटबॉलची आकांक्षा रुजू शकली, याचे कारण १९९३ मध्ये सुरू झालेल्या जे लीगच्या धोरणात सापडते. साबुरो कावाबुची यांच्या अध्यक्षतेखाली या स्पर्धेने क्लबाच्या नावात कंपनीऐवजी गावाचे नाव असावे असा आग्रह धरला आणि प्रत्येक क्लबाने आपले ‘होमटाउन’, म्हणजे ज्या वस्तीशी तो बांधील राहील ते नगर, जाहीर करावे असे ठरवले. क्लब ही गावाची मालमत्ता आहे हा विचार त्यामुळे देशभर पसरला, आणि १९९९ मध्ये जे २ ही दुसरी श्रेणी सुरू झाल्यावर लहान वस्त्यांनाही वर जाण्याची वाट दिसू लागली.

कुसात्सुत १९९५ मध्ये एका फुटबॉल प्रशिक्षण संस्थेच्या आधाराने लिएझों कुसात्सु हा संघ उभा राहिला होता. २००२ मध्ये त्याची नव्याने उभारणी होऊन तो झास्पा कुसात्सु झाला. हे नाव ‘द स्पा’ या इंग्रजी शब्दांच्या जपानी उच्चारावरून घेतलेले आहे. खेळाडूंना पूर्ण वेतन देण्याइतका पैसा क्लबाकडे नव्हता, म्हणून ते गावातील रियोकान आणि हॉटेलांत नोकरी करीत आणि कामाच्या वेळा सांभाळून सराव करीत. या व्यवस्थेला केवळ काटकसर समजणे अपुरे ठरेल. अतिथिगृहांना तरुण मनुष्यबळ मिळत होते, खेळाडूंना उपजीविका मिळत होती, आणि मैदानावर उतरणारा माणूस गावकऱ्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. ‘होमटाउन’ या कल्पनेचा इतका शब्दशः प्रत्यय जपानमध्ये क्वचितच कुठे आला असेल. काशिमा अँटलर्सचा माजी बचावपटू र्योसुके ओकुनो याने खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी घेतली, तर १९९८ च्या विश्वचषकासाठी निवडलेल्या जपानी संघातील गोलरक्षक नोबुयुकी कोजिमा हा आपल्या मूळ प्रांतातील या संघात दाखल झाला.

पुढील चढण विलक्षण वेगाची होती. २००२ मध्ये प्रांतिक लीग, २००३ मध्ये कांतो विभागाची लीग आणि २००४ मध्ये जे एफ एल, म्हणजे त्या वेळची तिसऱ्या स्तरावरील राष्ट्रीय लीग, असे टप्पे क्लबाने दरवर्षी एक या गतीने ओलांडले. जे एफ एलमध्ये त्याला तिसरे स्थान मिळाले, आणि त्याच वर्षी सम्राट चषकाने त्याचे नाव देशभर केले. १९२१ पासून खेळल्या जाणाऱ्या या बाद पद्धतीच्या स्पर्धेत विद्यापीठांच्या आणि हौशी संघांनाही वरच्या श्रेणीतील क्लबांशी भिडता येते. झास्पाने प्रथम सेरेझो ओसाकाला नमवले आणि नंतर त्या वर्षीचा लीगविजेता योकोहामा एफ मारिनोस याला, दोन खेळाडू बाहेर काढले गेल्यामुळे केवळ नऊ जणांनिशी खेळत असताना, जादा वेळेत २-१ असे हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली.

२००५ मध्ये जे २ चे दार उघडले, पण व्यावसायिक श्रेणीसाठी किमान १०,००० प्रेक्षकांचे मैदान आवश्यक होते, आणि ते गावाच्या एकूण लोकसंख्येपेक्षा मोठे असणार होते. त्यामुळे घरचे सामने प्रांताची राजधानी माएबाशी येथील शिकिशिमा उद्यानाच्या मैदानावर होऊ लागले आणि कुसात्सुबरोबर माएबाशीही ‘होमटाउन’ ठरले. खेळाडू पूर्णवेळ व्यावसायिक झाल्यावर अतिथिगृहांशी त्यांचा रोजचा संबंध सुटला. चॅलेंजर्स नावाचा दुय्यम संघ काही काळ कुसात्सुत राहिला आणि त्याच्या खेळाडूंनी गावात नोकरी करून खेळण्याची जुनी रीत चालू ठेवली. मूळ कल्पनेची ही शाखा प्रसिद्धीच्या बाहेर राहिली, हे खेदाचे आहे.

पहिल्याच हंगामात क्लब जे २ मध्ये तळाला राहिला. त्यानंतरच्या दशकात तो बहुधा मधल्या आणि खालच्या स्थानांवर घुटमळत राहिला. माएबाशी आणि ताकासाकी या मोठ्या शहरांतील प्रेक्षक व प्रायोजक मिळवल्यावाचून तग धरणे कठीण असल्याने संपूर्ण प्रांताला आवाहन करणे व्यवस्थापनाला अपरिहार्य वाटले, आणि २०१३ मध्ये क्लबाचे नाव झास्पाकुसात्सु गुन्मा असे झाले. २०१७ मध्ये तो शेवटच्या स्थानी राहून जे ३ मध्ये, म्हणजे २०१४ पासून सुरू झालेल्या तिसऱ्या श्रेणीत, घसरला आणि २०१९ मध्ये दुसरा क्रमांक मिळवून परतला. जर्मनीत दीर्घकाळ खेळलेला माएबाशीचा हाजिमे होसोगाई २०२१ मध्ये या संघात आला, तेव्हा प्रांताचा क्लब ही नवी ओळख बरीच पक्की झाली होती.

२०२४ च्या हंगामापासून कुसात्सु हा शब्द नावातून पूर्णपणे गेला आणि क्लब झास्पा गुन्मा झाला. हा निर्णय हिशेबाच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे, कारण सहा-सात हजारांच्या गावाने व्यावसायिक क्लबाचा खर्च पेलावा अशी अपेक्षा कोणी करू शकत नाही. तथापि गावाच्या नावाचा आग्रह धरणाऱ्या लीगमध्येच संस्थापक गावाचे नाव गळावे, ही विसंगती नियमांच्या चौकटीत कोठेही सोडवलेली दिसत नाही. मैदानाची आसनसंख्या आणि प्रायोजकांची रक्कम मोजता येते, म्हणून ती अटींमध्ये लिहिली जाते. खेळाडूंना कामावर ठेवून संघ जगवणाऱ्या अतिथिगृहांचे ऋण कोणत्याही अटीत बसत नाही. नव्या नावाच्या पहिल्याच हंगामात संघ जे २ मध्ये पुन्हा तळाला राहिला आणि २०२५ मध्ये त्याला तिसऱ्या श्रेणीत खेळावे लागले.